नऊ रेघांची माणसं

तहसीलदारसाहेबांचं पोट माझ्या हातून जरा मोठंच झालं.

हे पोट फळ्यावरचं. खरं पोट त्यांनी स्वतःच्या मेहनतीनं वाढवलं होतं, त्यात माझा काही हात नव्हता. साल फसली तेराशे सत्तेचाळीस, म्हणजे सदतीस-अडतीसच्या सुमाराचं. मी बावीस वर्षांचा होतो, तालुक्याच्या गावी सरकारी शाळेत गणित शिकवत होतो, आणि माझी नेमणूक अजून कच्ची होती. गावाचं नाव सांगत नाही. साहेबांचे नातू अजून तिकडं आहेत आणि पोटं घराण्यात चालत येतात असं ऐकून आहे.

सकाळी घंटेआधी मी रिकाम्या वर्गात शिरलो. फळा नुकताच काजळीनं रंगवलेला, काळाभोर. समोर नवा कोरा खडू. असा योग आला की माणसाच्या बोटांना खाज सुटते. मी साहेबांची रुमी टोपी काढली, मागं कललेली. तिच्याखाली डोकं, पाठीमागं बांधलेले हात, आणि मग पोट. ते पोट काढताना मला इतका आनंद होत होता की खाली फळा संपला तरी माझा आनंद संपला नव्हता. चार पावलं मागं सरून पाहिलं. हुबेहूब! एकटाच हसलो.

तेवढ्यात व्हरांड्यातून रशीदमियाँनी हाक दिली. हे आमचे उर्दूचे मास्तर. "ओ गणितवाले, चाय ठंडी होऊन राह्यली. जल्दी या, न्हाई तं मी दोन्ही पिऊन टाकतो."

त्यांच्या धमक्या खऱ्या असत. मी खडू टाकला आणि पळालो. फळा पुसायचं फडकं खिळ्याला लटकलेलं होतं. हात लांब केला असता तर पोचला असता.

पुढं काय झालं ते सांगण्याआधी भुजंगमास्तर सांगितले पाहिजेत, कारण तो फळा त्यांचा होता.

भुजंगमास्तर आमचे ड्रॉइंगमास्तर. जात चिताऱ्याची, बाप देवळांच्या भिंती रंगवायचा. अंगानं उंच, वाळलेले, कोटाचे दोन्ही खिसे खडूच्या भुकटीनं कायमचे पांढरे. बोलणं असं, की जणू शब्दामागं कुणी जकात घेतंय. हेडमास्तरांनी एकदा औरंगाबादेहून स्वतःचा फोटो काढून आणला आणि सगळ्यांना दाखवत फिरले. आम्ही सगळ्यांनी "वा वा" केलं. भुजंगमास्तरांनी फोटो उजेडात धरला, उलटा करून पाहिला, आणि म्हणाले, "कोट चांगला आलाय." हेडमास्तरांनी तो फोटो पुन्हा शाळेत आणला नाही.

त्या काळी शाळेत ड्रॉइंगची जी छापील पुस्तकं यायची, त्यांत पहिल्या पानावर शंकू, दुसऱ्यावर फुलदाणी, आणि शेवटी कुठंतरी हॅट घातलेला एक साहेब कुत्र्याला फिरवताना असायचा. आमच्याकडं शंकू कुणी पाहिला नव्हता, फुलदाणी कुणाच्या घरी नव्हती, आणि कुत्र्यांना आपण होऊन फिरायची सवय होती. भुजंगमास्तर ते पुस्तक टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारून ठेवत.

"पोराच्या हाती पेन्शिल द्या," ते म्हणायचे, "ते आधी माणूस काढतं. आई काढतं, बाप काढतं. अन् आपण त्याला म्हनतो, थांब, आधी शंकू काढ. मंग ते जन्मात काहीच काढत न्हाई."

म्हणून त्यांनी स्वतःची रीत बसवली होती. माणूस नऊ रेघांत. पहिली रेघ जमिनीची, आडवी. तिच्यावर दोन भुईमुगाच्या शेंगा ठेवायच्या, ते पाय. त्यांतून दोन काटक्या वर न्यायच्या. काटक्यांवर सरकीचं पोतं. पोत्याला दोन दोरे, ते हात. सगळ्यात शेवटी वर एक अंडं. ज्यांच्या घरी अंड्याचं नाव काढायची चोरी होती त्यांनी अंड्याच्या जागी पाडाचा आंबा म्हणायचं. झाल्या नऊ रेघा. डोळे म्हणजे ज्वारीचे दोन दाणे, ते हिशेबात नाहीत. पोतं वाकलं की म्हातारा, पोतं फुगलं की सावकार, एक दोरा कमरेवर गेला की भांडणारी बाई. नाकाडोळ्यांवरून माणूस ओळखू येत नाही, उभं राहण्यावरून येतो, असं त्यांचं म्हणणं. ज्याला सरळ रेघ ओढता येत नाही त्यालाही माणूस काढता आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

मला सरळ रेघ ओढता येत नव्हती. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या ओसरीवर पाटी घेऊन बसू लागलो. इतक्या वयाचा मास्तर पाटीवर शेंगा काढतोय हे पाहून त्यांची बायको, द्वारकाबाई, आत पदर तोंडाला लावून हसत असायची. आणि मी दरवेळी एकच चूक करायचो. मला आधी डोकं काढायची घाई.

"मास्तर," भुजंगमास्तर म्हणायचे, "तुमी टोपी घालून राह्यले. माणूस कुठं हाये अजून?"

"येतोय की मागून."

"कशावर उभा राहून? पाटी संपली."

आणि खरंच संपलेली असायची. ते थुंकी लावून पाटी पुसून द्यायचे. "आधी जमीन. मंग पाय. तिथून वर चला. डोकं काय, कुठंबी मावतं."

मी त्यांच्यासमोर बसलो की शहाण्यासारखा पायांपासून सुरू करायचो. पाठ फिरली की पुन्हा टोपी.

अकरा वर्षं त्यांनी एक वही भरली होती. वहीवर नाव घातलं होतं, 'सोपी माणसं'. पानापानावर एकेक माणूस, जमिनीच्या रेघेवर उभा: पखालवाला, पिंजारी, लमाणीण, पटवारी, जालन्याचा स्टेशनमास्तर, मेंढरं हाकणारा धनगर, जात्यावरची बाई, धावड्याच्या बाजारात बसणारा न्हावी. शेजारी एक, दोन, तीन असे आकडे, म्हणजे कुठली रेघ आधी ओढायची ते कळावं. खाली मराठीत नाव आणि त्याखाली रशीदमियाँच्या वळणदार हातानं उर्दूत. शहाण्णव पानं, पंच्याण्णव माणसं. शेवटचं पान कोरं.

"हे कुणाचं?" मी एकदा विचारलं.

भुजंगमास्तरांनी हनुवटीनं आतल्या बाजूला खूण केली. आतून लगेच उत्तर आलं, "मी न्हाई बाई उभी राह्यची! भाऊ, तुमीच सांगा, मी काय नऊ रेघांची हाये का?"

"आठ पुरतात," मास्तर म्हणाले.

"ऐकलं का भाऊ? बावीस वर्षं झाली भाकरी थापून राह्यले, अन् एक रेघ कापली माझी!"

ती उभी राहत नव्हती आणि ते न पाहता काढायला तयार नव्हते. पान कोरंच राहिलं. दोघांचा तो जुना खेळ होता. कुणालाच घाई नव्हती.

त्या वर्षी रशीदमियाँनी खटपट केली. त्यांनी अर्ज लिहिला, उर्दूत, असा की वाचणाऱ्यानं आधी "वाहवा" म्हणावं आणि मग मजकूर पाहावा. अर्ज जिल्ह्याला शाळाखात्याच्या साहेबांकडं गेला, आणि उत्तर आलं. पुढच्या तपासणीला साहेब वही स्वतः पाहतील. पसंत पडली तर छापण्याची शिफारस करतील. छापली तर सुभ्यातल्या सगळ्या शाळांना जाईल. भुजंगमास्तरांनी ते पत्र तीनदा वाचून घेतलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला शिकवलं नाही. वही मांडीवर घेऊन एकेक पान रबरानं साफ करत बसले. मध्येच म्हणाले, "मास्तर, ज्या शाळेत ड्रॉइंगमास्तर न्हाई ना, तिथंबी पोरं माणसं काढतील."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं एवढंच एक लांब स्वप्न.

द्वारकाबाईनं कोट दोनदा धुतला. खिसे पांढरेच राहिले.

शाळाखात्याचे साहेब गुरुवारी यायचे होते. ते बुधवारी आले. सरकारी माणूस उशिरा येतो या भरवशावर आम्ही सगळे जगत होतो. हा एक दिवस आधी आला. बरोबर पाहुणचाराला तहसीलदारसाहेब. मी आणि रशीदमियाँ चहाच्या कपात तोंड घालून बसलो होतो, आणि व्हरांड्यातून बुटांचे आवाज पुढं निघून गेले, थेट ड्रॉइंगच्या वर्गाकडं. मला फळा आठवला तेव्हा घोट तोंडात होता. तो तसाच घेऊन मी धावलो.

मी दारात पोचलो तेव्हा वर्गात पोरं उभी होती. भुजंगमास्तर साहेबांच्या मागोमाग आत आलेले, धुतलेल्या कोटात फळ्याकडं पाठ करून टेबलापाशी उभे होते. शाळाखात्याच्या साहेबांच्या हातात 'सोपी माणसं' होती आणि ते पानं उलटत होते. चेहऱ्यावर, देवाशपथ सांगतो, हसू होतं. पिंजाऱ्याच्या पानावर ते थांबले आणि म्हणाले, "बहोत खूब." मग त्यांनी मान वर केली.

फळ्यावर तहसीलदारसाहेब. फळ्याखाली तहसीलदारसाहेब. दोघांच्याही टोप्या मागं कललेल्या, दोघांचेही हात पाठीमागं.

पोरांनी श्वास धरून ठेवला होता. मागच्या बाकावर कुणाचा तरी सुटला. मग दुसऱ्याचा. मग सगळा वर्ग हसला, आणि खऱ्या तहसीलदारसाहेबांनी पाठीमागचे हात पुढं घेतले.

"ये किसने बनाया?" शाळाखात्याच्या साहेबांनी विचारलं.

भुजंगमास्तरांनी फळ्याकडं पाहिलं. वरून खालपर्यंत पाहिलं, पोराची पाटी तपासावी तसं, सावकाश. मग त्यांची नजर दारात माझ्यावर आली. फार वेळ नाही. एक रेघ ओढायला लागतो तेवढा.

मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे मी कोर्टात सांगेन. मला माझी कच्ची नेमणूक दिसली, गावाकडची आई दिसली, आणि आणखी काय काय दिसलं. भित्र्या माणसाला अशा वेळी फार स्पष्ट दिसतं. जांभई गिळावी तसं ते तोंड मी मिटलं.

"माझ्या तासाचा फळा हाये, साहेब," भुजंगमास्तर म्हणाले, आणि फडकं घेऊन पुसू लागले.

साहेबांनी त्यांना पुसू दिलं नाही. हेडमास्तरांना, कारकुनाला बोलावलं, सगळ्यांनी पाहावं म्हणून. पाहिल्याबरोबर सगळे म्हणाले, हो, हे भुजंगमास्तरांचंच. अंडं त्यांचं, पोतं त्यांचं. अख्ख्या तालुक्यात दुसरं कोण काढतं असलं माणूस? साहेबांनी वही मिटली. ती परत दिली नाही. हाताखालच्या माणसाकडं देऊन म्हणाले, "मिसलीला लावा." म्हणजे चौकशीच्या कागदांना जोडा, पुरावा म्हणून. अकरा वर्षांची पंच्याण्णव माणसं एका पुठ्ठ्यात बांधली गेली, लाल दोरीनं.

पुढचं सगळं कायद्यानं बराबर झालं. जवाब मागवला. भुजंगमास्तरांनी जवाबात एकच ओळ लिहिली, तीच, फळा माझ्या तासाचा आहे. महिन्याभरात त्यांना कमी केलं. त्या महिन्याभरात मी त्यांच्या ओसरीवर गेलो नाही. निघायच्या दिवशी बैलगाडीत दोन ट्रंका, एक जातं आणि द्वारकाबाई. मी कोपऱ्यावरून पाहत होतो. तिनं मला पाहिलं आणि हाक मारली, "भाऊ, येत जा जालन्याला!" तिला काहीच माहीत नव्हतं. मी हात हलवला. माझ्याकडून तेवढंच झालं.

रशीदमियाँ वहीसाठी जिल्ह्याला दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा आल्यावर टोपी काढून बसले. "मिसल दाखल-दफ्तर झाली म्हणतात. आता ती बाहेर निघत न्हाई. कयामतीच्या दिवशी मुर्दे उठतील मास्तर, पन दफ्तर उठनार न्हाई."

आणि माझी नेमणूक त्याच वर्षी पक्की झाली. हेडमास्तरांनी वर ड्रॉइंगचा तासही मला दिला, कारण मला 'थोडं येतं' असा बोभाटा होता. मी टेबलाच्या पायाखालचं पुस्तक काढलं, झटकलं, आणि पोरांना शंकू शिकवले. नऊ वर्षं शंकू शिकवले. टेबल तेव्हापासून डुगडुगतं. पत्र लिहायला अनेकदा बसलो. वर 'आदरणीय भुजंगमास्तर' लिहिलं की मला शाळेची कामं आठवायची.

सेहेचाळीस साली शाळेच्या पाट्यांची पेटी जालन्याला रेल्वेनं आली, ती सोडवायला मी गेलो. स्टेशनच्या धक्क्यावर कापसाच्या गाठी रचल्या होत्या. गाठींवर काळ्या रंगात व्यापाऱ्याचे मार्के आणि नंबर. मी पेटीची वाट पाहत उगाच वाचत होतो. मग लक्षात आलं, प्रत्येक नंबराखाली एक बारीक आडवी रेघ आहे. आकड्यांना रेघेची काय गरज? पण ती होतीच, प्रत्येक गाठीवर, आधी ओढलेली. जमीन.

हमालाला विचारलं, हे कोण लिहितं. तो म्हणाला, "ते पल्याडच्या कापसाच्या जिनात भुजंगबुवा हायेत ना, म्हातारे. बोलत न्हाईत कुनाशी. पन हात बिलकुल हालत न्हाई त्यांचा."

जिनाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली ते बसले होते. डबा, कुंचला, समोर गाठ. कोटाऐवजी बंडी, तिलाही खिसे होते, आता काळे. मला पाहून ओळखलं, पण उठले नाहीत.

"मास्तर आले का," म्हणाले. "बसा. रंग वला हाये, टेकू नका."

मी बसलो. वहिनी कशा आहेत, विचारलं.

"गेली. इथं आल्या साली गेली. ताप आल्ता."

शेडच्या मागं त्यांची खोली होती. पाणी प्यायला त्यांनी मला आत नेलं. एक खाट, एक चूल आणि ते जातं. चुलीवरच्या भिंतीवर कोळशानं एक आडवी रेघ काढली होती. तिच्यावर दोन पाय, जोडव्यांसकट. दोन काटक्या थोड्या वर गेल्या होत्या. त्यापुढं भिंत कोरी.

माझी नजर भिंतीवर पाहून ते म्हणाले, "पाह्यल्याबिगर काढत न्हाई ना मी. पाय तेवढे रोज पाह्यलेले."

"आणि बाकीची माणसं? वही पुन्हा काढली असती तर..."

"कशाला? आता गाठी काढून राह्यलो. गाठ हसत न्हाई, कुनी तिला वळखत न्हाई. बरं चाल्लंय."

बाहेर येऊन ते पुन्हा बसले. कुंचला रंगात बुडवला, निथळला, आणि नव्या गाठीवर आधी रेघ ओढली. माझी गाडी तासाभरानं होती. नऊ वर्षं जे तोंड मिटलेलं होतं ते त्या दिवशी कसं उघडलं मला सांगता येणार नाही. त्या भिंतीवरच्या जोडव्यांनी उघडलं असेल. मी म्हणालो, "मास्तर, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशीचं फळ्यावरचं माणूस तुमचं नव्हतं. ते मी काढलं होतं. आणि दारात उभा राहून मी गप्प बसलो. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतोय."

भुजंगमास्तरांनी गाठीवर सात काढला, शेवटचा फाटा रेघेपर्यंत आणून टेकवला, आणि मान वर न करता म्हणाले,

"ठावं हाये, त्याला पाय न्हवते."